लॅपटॉपचे वाय-फाय वारंवार तुटत असेल, तर दोष आधी कुठे शोधावा?

घरातील मोबाइल आणि टीव्ही व्यवस्थित चालू असतात, पण लॅपटॉपचे इंटरनेट मात्र थोड्या थोड्या वेळाने जाते आणि एक तर आपोआप परत येते किंवा वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केल्यावरच येते, ही तक्रार घरून काम करणाऱ्या अनेकांच्या परिचयाची आहे. तिच्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले असतात: राउटर बंद करून चालू करा, ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा टाका, नेटवर्क रीसेट करा. यांतला एखादा उपाय लागूही पडतो, परंतु तो कशामुळे लागू पडला हे कळलेले नसल्याने चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. ‘वाय-फाय तुटते’ या एका वाक्याखाली खरे तर तीन वेगवेगळे बिघाड येतात. लॅपटॉप आणि राउटर यांच्यातील रेडिओ जोडणी सुटणे हा पहिला. जोडणी शाबूत असताना लॅपटॉपला राउटरकडून आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखणारा क्रमांक) न मिळणे किंवा चुकीचा मिळणे हा दुसरा. आणि या दोन्ही गोष्टी ठीक असूनही राउटरच्या पलीकडे, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या बाजूला, खंड पडणे हा तिसरा. पहिल्या बिघाडावरचा उपाय तिसऱ्यावर चालत नाही, आणि तिसऱ्या प्रकारात लॅपटॉपमध्ये कितीही फेरफार केले तरी हाती काही लागत नाही.

पुढील विवेचन विंडोज १० आणि ११ असलेल्या लॅपटॉपला धरून केले आहे. आज्ञा आणि पडद्यावरील नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत.

जोडणी नेमकी कोठे तुटते

राउटर बंद करून चालू करण्याची घाई सर्वांत आधी टाळावी. त्याने काम तात्पुरते भागते हे खरे, पण दोष दाखवणारा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. इंटरनेट गेलेले असताना त्याच वाय-फायवरचा मोबाइल हातात घ्यावा, त्यातील मोबाइल डेटा बंद करावा आणि मग एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. मोबाइल डेटा बंद करणे महत्त्वाचे आहे, कारण आजकालचे बहुतेक फोन वाय-फायवर इंटरनेट नसल्याचे लक्षात येताच गुपचूप सिमकार्डच्या डेटावर जातात, आणि ‘फोनवर तर सगळे चालू आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघून निर्दोष लॅपटॉपची उलथापालथ सुरू होते.

याहून खात्रीची पद्धत पिंगची, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी हाक देऊन उत्तर किती वेळात येते ते पाहण्याची, आहे. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावापुढे जो पत्ता दिसतो तो आपल्या राउटरचा. घरगुती राउटरमध्ये तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारीशेजारी ठेवाव्यात. एकीत ‘पिंग -टी’ आणि त्यापुढे राउटरचा पत्ता टाइप करावा, दुसरीत ‘पिंग -टी ८.८.८.८’ असे टाइप करावे. ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेचा) पत्ता आहे आणि तो सहसा बंद नसतो. दोन्ही खिडक्यांत दर सेकंदाला एकेक ओळ सरकत राहील. त्या तशाच चालू ठेवून नेहमीचे काम करावे, आणि इंटरनेट गेले की कोणती खिडकी अडखळली ते पाहावे.

राउटरच्या खिडकीत उत्तरे नियमित येत असताना केवळ ८.८.८.८ च्या खिडकीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसू लागले, तर लॅपटॉप आणि त्याचे वाय-फाय यांचा काही दोष नाही. अडचण राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही खिडक्या एकदम थांबल्या, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधला दुवा तुटला असे समजावे. ‘जनरल फेल्युअर’ असे शब्द आले तर लॅपटॉपमधील वाय-फाय अडॅप्टर त्या क्षणी नेटवर्कवरून उतरलेलाच आहे, म्हणजे संशयाची सुई ड्रायव्हर किंवा वीज-बचतीच्या सेटिंगकडे वळते. आणखी एक शक्यताही लक्षात ठेवण्यासारखी आहे: दोन्ही खिडक्यांत उत्तरे येत आहेत, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. अशा वेळी दोष डीएनएसचा, व्हीपीएनचा (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा अँटिव्हायरसमधील नेटवर्क तपासणाऱ्या भागाचा असतो.

राउटरच्या खिडकीतील वेळेचे आकडेही बारकाईने वाचावेत. चांगल्या जोडणीत राउटरकडून उत्तर साधारणपणे १ ते ५ मिलिसेकंदांत येते. जोडणी तुटण्यापूर्वी हे आकडे ४०, १८०, ६०० असे चढत जात असतील, तर संदेश (सिग्नल) कमजोर आहे किंवा त्यात व्यत्यय येत आहे. आकडे अखेरपर्यंत २ किंवा ३ वर स्थिर राहून एकाएकी सगळे ठप्प होत असेल, तर ते लक्षण व्यत्ययाचे नाही. बहुधा कोणीतरी, म्हणजे ड्रायव्हरने किंवा राउटरने, जोडणी हेतुपुरस्सर सोडलेली असते. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढचे अर्धे काम सोपे होते.

याच्या जोडीला विंडोजने स्वतः ठेवलेली नोंद पाहावी. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा दिली, की मागील तीन दिवसांचा अहवाल ब्राउझरमध्ये उघडता येईल अशा फाइलच्या रूपात तयार होतो आणि ती फाइल कोठे ठेवली आहे हेही तेथेच लिहून येते. अहवालाच्या वरच्या भागात कालरेषेचा आलेख असतो आणि खाली प्रत्येक जोडणी केव्हा सुरू झाली, केव्हा संपली व कोणत्या कारणाने संपली याची नोंद असते. ‘ड्रायव्हरने जोडणी सोडली’ या अर्थाचे कारण वारंवार दिसले तर लॅपटॉपकडे पाहावे. ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ अशा अर्थाचे कारण दिसले तर राउटर किंवा अंतर यांकडे. लॅपटॉप झोपेतून केव्हा उठला याच्याही नोंदी तेथे असल्यामुळे, प्रत्येक खंड हा झाकण उघडल्यानंतरच पडतो आहे का, हे एका नजरेत कळते. इतका उपयोगी अहवाल विंडोजमध्ये आयताच असताना तो क्वचितच कोणी उघडतो.

लॅपटॉपमधील वीज-बचत आणि ड्रायव्हर

बॅटरीवर असताना जोडणी तुटते आणि चार्जर लावला की तुटत नाही, किंवा झाकण मिटून उघडल्यावरच तुटते, असे असेल तर वीज-बचतीपासून सुरुवात करावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ या गटात वाय-फाय कार्डाचे नाव असते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांपैकी एकाचे असते. त्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यावर ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी एक चौकट दिसते. तिच्यातील खूण काढून टाकावी.

अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मात्र हे पानच दिसत नाही, आणि सांगितलेली चौकट सापडत नाही म्हणून लोक गोंधळतात. ‘मॉडर्न स्टँडबाय’ पद्धतीने झोपणाऱ्या लॅपटॉपमध्ये अडॅप्टरच्या विजेचा कारभार विंडोज स्वतःकडे ठेवते, म्हणून ही निवड लपवलेली असते. आपला लॅपटॉप त्या प्रकारचा आहे का, ते ‘पॉवरसीएफजी /ए’ या आज्ञेच्या उत्तरात ‘एस० लो पॉवर आयडल’ असा उल्लेख येतो का, यावरून कळते. अशा लॅपटॉपवर झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होईल) अशी निवड करून काही दिवस पाहावे. खंड थांबले तर झोपेतून उठतानाच ड्रायव्हर अडखळत होता हे सिद्ध होते. जुन्या पद्धतीच्या लॅपटॉपमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’ हाही एक विभाग असतो. तेथे बॅटरी आणि चार्जर या दोन्ही स्थितींसाठी ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ ठेवावे. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण चालू बैठकीतून बाहेर फेकले जाण्यापेक्षा ते परवडते.

ड्रायव्हरच्या बाबतीत ‘नवीनतम तोच उत्तम’ हा समज फसवा आहे. विंडोज अपडेटने एखाद्या रात्री ड्रायव्हर बदललेला असतो आणि तक्रार त्यानंतरच सुरू झालेली असते. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधील ‘ड्रायव्हर’ या पानावर त्याची तारीख व आवृत्ती दिसते. ती तारीख ड्रायव्हर तयार झाल्याची असते, आपल्या लॅपटॉपवर बसल्याची नव्हे. तो केव्हा बसला हे अपडेटच्या इतिहासात पाहावे. तक्रार सुरू होण्याचा काळ आणि तो दिवस जुळत असतील तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण वापरून आधीच्या आवृत्तीवर जावे. ते बटण फिकट दिसत असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलच्या नावाने शोधून तेथील ड्रायव्हर घ्यावा. इंटेलच्या कार्डासाठी इंटेलच्या संकेतस्थळावरचा थेट ड्रायव्हरही चालतो. फाइल आधी उतरवून ठेवावी आणि मगच जुना ड्रायव्हर काढावा. नाही तर वाय-फाय बंद, आणि ड्रायव्हर आणायला वाय-फाय हवे, अशा पेचात माणूस सापडतो. तसे झालेच तर फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केल्यास तात्पुरते इंटरनेट मिळते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, त्या लॅपटॉपवर उत्पादकाच्या पानावर जी शेवटची आवृत्ती आहे तिच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

याच संदर्भात एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असते तेव्हा ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्णपणे बंद होत नाही. प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. ‘रात्री बंद केला, सकाळी लावला, तरी तोच त्रास’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. ड्रायव्हर बदलल्यावर म्हणूनच रीस्टार्ट करावे, शट डाउन नव्हे.

हवेतली गर्दी

पिंगचे आकडे तुटण्यापूर्वी चढत असतील तर लॅपटॉपची सेटिंग्ज सोडून रेडिओकडे वळावे. ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ या आज्ञेने आपण कोणत्या चॅनेलवर (वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्यातील कोणत्या भागावर) आहोत आणि संदेशाची टक्केवारी किती आहे हे दिसते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून या आज्ञेला लोकेशनची परवानगी लागते. ती बंद असेल तर माहितीऐवजी त्रुटीचा निरोप येतो. टक्केवारीचे डीबीएममध्ये, म्हणजे संदेशाची ताकद मोजण्याच्या एककात, रूपांतर सोपे आहे: मायक्रोसॉफ्टच्या मोजणीत १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम आणि शून्य टक्के म्हणजे उणे १०० डीबीएम, आणि मधले सगळे सरळ प्रमाणात. म्हणजे ६० टक्के वाचायला बरे वाटले तरी ते उणे ७० डीबीएम झाले. व्हिडिओ कॉलसाठी सर्वसाधारणपणे उणे ६७ किंवा त्याहून शून्याच्या जवळचा संदेश हवा असे धरतात. उणे ७५ च्या खाली जोडणी टिकेल याचा भरवसा नसतो.

मुंबई-पुण्यातील एखाद्या गृहसंकुलात एका खोलीतून वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नेटवर्क्स दिसणे हे नेहमीचे आहे, आणि त्यांतली बरीचशी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेली असतात. या पट्ट्यात चॅनेल १३ असले तरी एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ज्यांनी ‘मधला मोकळा दिसतो’ म्हणून ३ किंवा ८ निवडला, त्यांनी दोन्ही बाजूंच्या गोंगाटात स्वतःला नेऊन बसवले. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ४० ठेवल्याने वस्तीच्या ठिकाणी वेग वाढत नाही, व्यत्यय मात्र वाढतो. मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, त्यामुळे जेवण गरम करण्याच्या वेळेलाच जोडणी तुटत असेल तर फार खोलात जायची गरज नाही. ब्लूटूथचे हेडफोनही याच पट्ट्यात असतात, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. हेडफोन लावला की वाय-फाय अडखळते याचे कारण ते.

फारसे परिचित नसलेले एक कारण यूएसबी ३.० चे आहे. यूएसबी ३.० च्या केबलमधून आणि सॉकेटमधून निघणारा विद्युत-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजमापांसह प्रसिद्ध केले होते. बाहेरची हार्डडिस्क किंवा स्वस्तातला यूएसबी हब जोडलेला असतानाच वाय-फाय मंदावत असेल, तर ती वस्तू काढून पिंगची खिडकी पाहावी. लांब केबल लावून डिस्क दूर ठेवली किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला तर हा प्रश्न मिटतो.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मोकळीक पुष्कळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे भाग वाय-फायसाठी परवानामुक्त केल्यापासून आपल्याकडे या पट्ट्यातील बरेच चॅनेल वापरता येतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक तर या लहरी भिंतींत लवकर थकतात. आरसीसीची भिंत, लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा मधे आला की दोन खोल्यांपलीकडे संदेश तुटपुंजा राहतो. दुसरी अडचण अशी, की ५२ ते १४४ हे चॅनेल रडारच्या पट्ट्यात येतात आणि तेथे चालणाऱ्या राउटरने रडारसारखा संदेश ऐकला की सुमारे दहा सेकंदांत चॅनेल सोडायचा असतो. नवा चॅनेलही याच गटातला असेल तर तो वापरण्यापूर्वी किमान एक मिनिट नुसते ऐकत राहावे लागते. राउटरला रडारचा भास खोट्या संदेशानेही होऊ शकतो. कधी मिनिटभरासाठी सगळ्या उपकरणांचे ५ गिगाहर्ट्झ एकदम गायब होऊन परत येत असेल, तर चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक ठरवून द्यावा.

सध्याचे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि उपकरणाला सोयीच्या पट्ट्यावर ढकलतात. कल्पना चांगली आहे, पण दोन्हींच्या सीमेवर बसलेला लॅपटॉप या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीला क्षणभर तुटतो. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देऊन लॅपटॉप एकाच नावाला जोडून ठेवणे हा यावरचा सरळ उपाय आहे. ते शक्य नसेल तर अडॅप्टरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘प्रिफर्ड बँड’ ५ गिगाहर्ट्झ ठेवावा आणि ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ , म्हणजे दुसरी जोडणी शोधण्याची तत्परता, एक-दोन पायऱ्या खाली आणावा. ही नावे इंटेलच्या कार्डांत अशीच असतात. इतरांत थोडी निराळी आढळतात. एका वेळी एकच बदल करावा आणि निदान एक पूर्ण दिवस पाहून मग पुढचा. पाच सेटिंग्ज एकदम बदलून फरक पडला, तर कशाने पडला ते कधीच कळत नाही.

जोडलेले दिसते, पण पत्ता नाही

‘आयपीकॉन्फिग’च्या उत्तरात आपल्या लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे. संदेश भरपूर दिसतो, इंटरनेट मात्र नसते. राउटरकडील पत्त्यांचा साठा संपला असण्याची एक शक्यता आहे. कॅमेरे, दिवे, टीव्ही, पाहुण्यांचे फोन अशी उपकरणे वाढली की वीस-तीस पत्त्यांपुरता मर्यादित ठेवलेला साठा अपुरा पडतो. राउटरच्या डीएचसीपीच्या (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर ही मर्यादा वाढवता येते.

याहून अधिक वेळा आढळणारे, आणि शोधायला अवघड, कारण जुन्या राउटरचे असते. कंपनीने फायबरबरोबर नवे यंत्र दिलेले असते, आतल्या खोलीत संदेश पोहोचत नाही म्हणून घरातला जुना राउटर केबलने तेथे जोडला जातो, आणि दोन्ही यंत्रे पत्ते वाटू लागतात. दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर गोंधळ पुरा होतो: लॅपटॉपला ज्याच्याकडून आधी उत्तर येईल त्याचा पत्ता मिळतो, कधी इंटरनेट चालते, कधी चालत नाही, आणि वेळेचा काहीच मेळ लागत नाही. उपाय असा, की जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा करावा, त्यातील डीएचसीपी बंद करावे, आणि नव्या यंत्राकडून येणारी केबल त्याच्या ‘वॅन’ भोकात न लावता ‘लॅन’च्या एखाद्या भोकात लावावी. राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ अशी निवड असेल तर ती केल्यावर हे सगळे आपोआप होते.

राउटरवर ठरावीक उपकरणांनाच प्रवेश ठेवला असेल तर विंडोजमधील ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ ही निवडही तपासावी. ती त्या नेटवर्कसाठी ‘चेंज डेली’वर असेल तर लॅपटॉप रोज नव्या ओळखीने येतो आणि राउटर त्याला रोज परका समजतो. बरोबर तासाच्या अंतराने, घड्याळ लावल्यासारखी जोडणी तुटत असेल तर राउटरमधील ‘ग्रुप की’ (सर्व उपकरणांसाठीची सामायिक सांकेतिक किल्ली) बदलण्याचा कालावधी पाहावा; तो अनेकदा ३६०० सेकंद असतो, आणि जुना ड्रायव्हर त्या बदलाच्या वेळी अडखळू शकतो. एकाच नावाखाली डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वाय-फाय पासवर्डच्या सुरक्षेच्या जुन्या व नव्या पद्धती) अशी मिश्र सुरक्षा चालू असल्यासही काही जुनी कार्डे अशीच वागतात. तपासणीपुरते फक्त डब्ल्यूपीए२ ठेवून पाहावे.

राउटर आणि त्याच्या पलीकडचे

राउटरच्या माहितीच्या पानावर ‘अपटाइम’ म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे हे लिहिलेले असते. हा एक आकडा पुष्कळ वाद मिटवतो. इंटरनेट गेले त्या वेळेच्या आसपासच तो शून्यापासून सुरू झालेला दिसला तर राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा चालू होतो आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरकडे जाताना मधे जो क्षणभराचा खंड पडतो, त्यात पंखा आणि दिवा नुसते मिचकावतात, पण राउटर पूर्ण बंद होतो आणि परत तयार व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. त्यासाठी बाजारात १२ व्होल्टचे छोटे राउटर-यूपीएस मिळतात. राउटरच्या अडॅप्टरवर छापलेला व्होल्टेज आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्यावा. वीज न जाताही अपटाइम शून्यावर येत असेल तर अडॅप्टर बदलून पाहावा. चार-पाच वर्षे अखंड तापलेला अडॅप्टर भार वाढला की पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही, आणि घरातले सगळे एकदम ऑनलाइन आले की नेमका तेव्हाच राउटर दगा देतो.

अपटाइम सलग असून केवळ ८.८.८.८ ची खिडकी थांबत असेल तर फायबरच्या यंत्रावरचा ‘एलओएस’ (लॉस ऑफ सिग्नल) दिवा पाहावा. तो लाल झाला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. कपाटामागे दुमडलेली किंवा दारात चेपलेली पिवळी अथवा पांढरी बारीक तार तपासावी, पण तिचे टोक स्वतः उघडू नये. कंपनीकडे तक्रार करताना ‘नेट सारखे जाते’ असे न सांगता, राउटरचा पिंग चालू असताना बाहेरचा पिंग कोणत्या वेळी आणि किती मिनिटे बंद होता, अपटाइम किती आहे आणि दिवा कोणत्या रंगाचा होता, एवढे सांगावे. ‘राउटर बंद करून चालू करा’ या टप्प्याच्या पुढे संभाषण त्यामुळेच सरकते.

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर व्हीपीएन किंवा सुरक्षेचे सॉफ्टवेअर असेल तर त्यात स्वतः फेरफार करू नयेत. ते आपल्या आयटी विभागाचे काम आहे. व्हीपीएन तुटते पण पिंगच्या दोन्ही खिडक्या चालू राहतात, एवढी नोंद त्यांना दिली तरी पुरते. कोपऱ्यातील पृथ्वीगोलाच्या चिन्हावर मात्र फार विसंबू नये. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी मजकूर-फाइल आणून पाहते आणि ती मिळाली नाही की ‘इंटरनेट नाही’ असे जाहीर करते. ती विनंती अँटिव्हायरसने किंवा डीएनएस-गाळणीने अडवलेली असली तरी तेच चिन्ह दिसते.

‘नेटवर्क रीसेट’ मी मुद्दाम इतक्या उशिरा आणले आहे. त्याने सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवले जातात, साठवलेली नेटवर्क्स व त्यांचे पासवर्ड जातात आणि व्हीपीएनची मांडणीही नव्याने करावी लागू शकते. वर सांगितलेल्या तपासणीत लॅपटॉपकडे बोट दाखवले गेले असेल आणि ड्रायव्हर बदलूनही फरक पडला नसेल, तरच ते करावे.

तरीही तुटत असेल तर

लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डापासून दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून वर जाऊन पडद्याच्या चौकटीतल्या अँटेनांना मिळतात. झाकण दिवसातून अनेकदा उघडमीट केल्याने काही वर्षांत तार बिजागरीपाशी चेपते किंवा कार्डावरचे तिचे बटणासारखे टोक निसटते. तपासणी सोपी आहे: पिंगची खिडकी चालू ठेवून झाकण सावकाश पुढे-मागे करावे. ठरावीक कोनात आकडे चढत असतील किंवा उत्तरे थांबत असतील, आणि तो कोन सोडला की पूर्ववत होत असतील, तर सेटिंग्जमध्ये शोधण्यासारखे काही उरलेले नाही. राउटरपासून हातभर अंतरावर बसूनही संदेश ६० टक्क्यांच्या वर जात नसेल तर तेही अँटेनाचेच लक्षण.

दुरुस्तीला देण्यापूर्वी एखादा साधा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर, शक्यतो कोणाकडून उसना आणून, लावून पाहावा आणि आतले कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून तात्पुरते ‘डिसेबल’ करावे. त्याच जागी, त्याच राउटरवर तो अडॅप्टर दिवसभर टिकला तर दोष आतल्या कार्डाचा, तारांचा किंवा ड्रायव्हरचा हे नक्की होते. तोही तुटत असेल तर पुन्हा राउटर आणि रेडिओ यांकडे परतावे. अनेक लॅपटॉपमध्ये कार्ड एम.२ प्रकारच्या छोट्या सॉकेटमध्ये एका स्क्रूने बसवलेले असते आणि बदलता येते, मात्र काही जुन्या मॉडेलचा बायोस (लॅपटॉप सुरू होताना प्रथम चालणारे आतले सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डांशिवाय इतरांना स्वीकारत नाही, तेव्हा विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. पातळ लॅपटॉपपैकी कित्येकांत ते मदरबोर्डवरच झाळलेले असते. हमीची मुदत शिल्लक असेल तर झाकणाच्या कोनाची चाचणी करतानाचे चित्रण फोनवर करून ठेवावे आणि सेवा केंद्रात तेच दाखवावे. मुदत संपली असेल आणि कार्ड झाळलेले असेल, तर चाचणीसाठी आणलेल्यासारखाच एक यूएसबी अडॅप्टर, तो यूएसबी ३.० च्या हार्डडिस्कपासून दूरच्या सॉकेटमध्ये राहील अशा बेताने, कायमचा लावून टाकणे सर्वांत स्वस्त पडते.